नाताळाचें ताट

कोणत्याहि धर्मग्रामाचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे लेखक प्रथम दप्तराकडे वळतो. बाप्तिस्म्याचीं पुस्तकें, लग्नांच्या नोंदी, मयतांच्या याद्या, मंदिराच्या बांधकामाचे हिशेब, बिशपांचीं आज्ञापत्रें हीं त्याचीं साधनें होत. महोत्सवाच्या स्मरणिकेंत तसे लेख असावयाचेच, आणि ते जाणत्या हातांनीं लिहिले जातात. मी येथें एका निराळ्या दप्तराची हकीकत सांगणार आहें. हें दप्तर कागदावर नाहीं, त्यास वाळवी लागली नाहीं, आणि राज्यें बदललीं तरी तें कोणीं जप्त केलें नाहीं. आपल्या घरोघरच्या बायकांनीं तें चुलीपाशीं सांभाळलें, आणि दरवर्षीं डिसेंबरच्या अखेरीस एका ताटांत मांडून, वर स्वच्छ रुमाल झांकून, शेजारच्या घरीं पाठविलें. नाताळाचें ताट हेंच तें दप्तर होय.

प्रथम शब्दापासून आरंभ करूं. ‘नाताळ’ हा शब्द आपल्या तोंडीं इतका रुळला आहे कीं, तो दुसऱ्या देशांतून आला याची आठवणहि कोणास होत नाहीं. तो पोर्तुगीज ‘नाताल’ शब्दापासून आला, आणि त्याचें मूळ लॅटिन भाषेंतील जन्मवाचक शब्दांत आहे. २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून रोम शहरांतील इ. स. ३५४ च्या एका पंचांगांत नोंदलेला आढळतो. आपल्या किनाऱ्यावरहि ख्रिस्ती लोक फार पूर्वींपासून होते. १३२१ सालीं ठाण्यास चार फ्रान्सिस्कन हुतात्मे झाले, आणि त्यांचे देह आपल्या सोपाऱ्यास आणून पुरण्यांत आले. परंतु आज आपण ज्या रीतीनें नाताळ पाळतों, त्या रीतीचा अखंड धागा मिळतो तो सोळाव्या शतकापासून.

१५३४ सालच्या डिसेंबरच्या २३ तारखेस, म्हणजे नाताळाच्या दोनच दिवस आधीं, गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें तहान्वयें वसई पोर्तुगीजांस दिली. मागोमाग फ्रान्सिस्कन धर्मगुरु आले, पुढें येशूसंघाचे आले. मठ, मंदिरें व शाळा उभ्या राहिल्या. दोनशें चार वर्षांनीं, १७३९ च्या मे महिन्यांत, चिमाजी अप्पांनीं वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज निघून गेले. किल्ल्यांतील मंदिरांच्या उघड्या भिंती आजहि त्या दिवसाची साक्ष देत उभ्या आहेत. राज्यकर्ते गेले, शेतकरी कोठें जाणार? वाडवळ, सामवेदी, कोळी हे आपापल्या वाडींत, आपापल्या विहिरीवर राहिले. भाषा तीच राहिली, पेहराव तोच राहिला, पीक तेंच राहिलें. आणि नाताळहि राहिला. विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, कोणा अंमलदाराच्या हुकुमावर हा सण चालत असता तर १७३९ नंतर तो बंद पडावयास हवा होता. तो बंद पडला नाहीं, कारण तोंपर्यंत तो किल्ल्यांतून निघून स्वयंपाकघरांत जाऊन बसला होता.

आतां तें ताट जरा निरखून पाहूं. मधोमध नेवऱ्या असतात. नेवरी म्हणजे आपल्या हिंदु शेजाऱ्यांची करंजीच. तेंच खोबरें, तीच खसखस, आणि कातण्यानें कापलेली तीच नागमोडी किनार. बाप्तिस्मा झाला म्हणून आमच्या पणज्यांच्या पणज्यांनीं करंजी टाकून दिली नाहीं. जी दिवाळीस होत असे ती त्यांनीं गोठ्यांतील बाळापुढें ठेवली. घाटावरील अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) भागांतील आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या घरींहि नाताळास करंज्या-लाडूच होतात. म्हणजे ताटाचा हा भाग आपल्या भूमीचा, आणि तो सर्वांत जुना.

नेवऱ्यांच्या भोंवतीं समुद्रानें आणलेले पदार्थ बसतात. पेराद घ्या. पोर्तुगीज भाषेंत ‘पेरा’ म्हणजे नासपाती. आमच्या किनाऱ्यावर नासपाती होत नाहीं. तिची जागा अमेरिकेंतून आलेल्या एका फळानें घेतली, आणि त्या फळास आपण पेरू म्हणूं लागलों. मार्जिपान मूळचें बदामाचें; शेतकऱ्याच्या घरीं बदाम कोठला? तेथें काजू आला, आणि काजूचें झाडहि पोर्तुगीजांनींच ब्राझीलहून आणून या देशांत लाविलें. कांहीं घरीं दोदोल असतो. तांदळाचें पीठ, नारळाचें दूध आणि काळा गूळ तासन्‌तास आटवून केलेला हा पदार्थ याच नांवानें पूर्वेकडे मलाया व जावा येथेंहि होतो. पोर्तुगीजांनीं १५११ सालीं मलाक्का घेतलें, आणि तेथपासून गोव्यापर्यंत त्यांचीं गलबतें सारखीं ये-जा करीत. एका वाटीभर दोदोलांत एवढा समुद्र आहे.

तिखट पदार्थांची कथाहि अशीच. आपण ज्यास इंदेल किंवा विंदालू म्हणतों तो पोर्तुगीज खलाशांचा मद्य आणि लसूण यांत मुरविलेल्या मांसाचा पदार्थ. त्या दोन शब्दांवरूनच त्याचें नांव पडलें. येथें द्राक्षाचें मद्य नव्हतें, तेव्हां ताडीचा शिरका आला. आणि मिरची अमेरिकेची असूनहि ती पोर्तुगीजांबरोबर येऊन अशी रुजली कीं, तिच्यावांचून आपला घांस उतरत नाहीं. सोरपोतेलाचेंहि तेंच. शिरक्याच्या आंबटपणानें मांस टिकतें, आणि तिसऱ्या दिवशीं पहिल्या दिवसाहून अधिक रुचकर लागतें. म्हणून तें आधींच शिजवून ठेवीत, आणि सणाच्या दिवशीं घरांतील बाई चुलीपुढें न अडकतां मिस्सेस जाऊं शके. पाव हा शब्द पोर्तुगीज, पण पीठ फुगविण्यास लागणारें आंबवण आपल्या ताडामाडाचें. त्याच ताडीनें आपले फुगे फुगले आणि सांदणें हलकीं झालीं.

फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. त्यांनीं गोव्यांत राहून ख्रिस्तचरित्र मराठी ओव्यांत रचिलें, आणि १६१६ सालीं तें ‘ख्रिस्तपुराण’ छापलें गेलें. परदेशांतून आलेली वार्ता या भूमीच्या वाणीनें सांगावी, हा त्यांचा हेतु. त्यांचें नांव ग्रंथांत राहिलें, आणि तें योग्यच झालें. परंतु तेंच कार्य आमच्या ज्या आज्यांनीं चुलीवर केलें, त्यांचीं नांवें कोठेंहि लिहिलेलीं नाहींत.

माझें बालपण १९७० नंतरच्या दशकांत याच वसईच्या पट्ट्यांतील एका वाडींत गेलें. आमच्या घरीं नाताळाची तयारी वैशाखांतच सुरू होई. मिरच्या, धणे, हळकुंडें, तीळ, मोहरी, खसखस, मिरीं, दालचिनी, लवंग, नागकेशर असे कितीतरी जिन्नस अंगणांत वाळत पडत. मग ते भाजावयाचे, उखळांत कांडावयाचे, चाळावयाचे, आणि तपकिरी बाटल्यांत लांकडी दट्ट्यानें ठासून भरावयाचे. बाटली तपकिरी कां, असें मीं विचारलें असतां आजी म्हणाली, “उजेड लागला कीं मसाला म्हातारा होतो.” पुढें रसायनशास्त्राच्या पुस्तकांत हेंच मीं अधिक लांबलचक शब्दांत वाचलें.

पावसाळा सरून भात झोडून घरीं आलें म्हणजे सांदणांसाठीं नवे तांदूळ निराळे काढीत. साखर त्या काळीं रेशनकार्डावर मिळे, आणि ती मोजकीच असे. आजी श्रावणापासून दर आठवड्यास एक एक मूठ साखर बाजूस काढून बरणींत ठेवी, आणि आम्हां मुलांचा चहा तेवढा अगोड होई. आम्ही कुरकुर केली तर ती म्हणे, “ही साखर तुमची नाहीं, नाताळाची आहे.” नाताळाची म्हणजे कोणाची, हें तेव्हां आम्हांस कळत नसे.

आगमनकाळाच्या शेवटच्या आठवड्यांत एका रात्रीं, जपमाळ झाल्यावर, घरांतील सारींजणें चटईवर परात मध्यें घेऊन बसत. आईनें नारळाच्या दुधांत मळलेलें पीठ असे. त्याच्या बोराएवढ्या गोळ्या करून त्या एका कोऱ्या फणीवर दाबावयाच्या आणि वळवून शिंपल्यासारखा आकार द्यावयाचा; हे आमचे कुलकुल. ती फणी केवळ त्या एका रात्रीसाठीं वर्षभर कपाटांत जपून ठेवलेली असे. ज्याचा कुलकुल कढईंत उलगडे त्यास सर्व हंसत. वडील एरव्हीं स्वयंपाकघरांत पाऊल टाकीत नसत. त्या रात्रीं तेहि मांडी घालून बसत, आणि त्यांचे कुलकुल सर्वांत ओबडधोबड होत.

तळून, पाकवून झालेले कुलकुल पत्र्याच्या डब्यांत भरून माळ्यावर चढत, आणि मध्यरात्रीच्या मिस्सेपूर्वीं त्यांस हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. यामागें एक जुना नियम होता. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणें नाताळाच्या आदल्या दिवशीं उपवास व मांसवर्जन सक्तीचें होतें. सहावे पोप पौल यांनीं १९६६ सालीं उपवासाचे नियम सौम्य केले, आणि ती सक्ती उरली नाहीं. मी जन्मण्यापूर्वींची ही गोष्ट. परंतु पोपसाहेबांचें तें पत्र आजीस मिळालेंच नाहीं, असें वडील थट्टेनें म्हणत. २४ तारखेस संध्याकाळीं आमच्या घरीं पेज आणि लोणचें एवढेंच असे. डबा माळ्यावर, पोट रिकामें आणि कान घंटेकडे. आगमनकाळ म्हणजे काय, याचा अर्थ मला प्रथम तेथें कळला. ज्याची वाट पाहिली नाहीं त्याचें आगमन होत नाहीं, तो केवळ येऊन जातो.

मिस्सेहून परत आल्यावर देवाच्या तसबिरींपुढें मेणबत्ती लागे, डब्याचें झांकण उघडे, आणि आम्हांस प्रत्येकीं मूठभर कुलकुल मिळत. तेवढेच. कारण उरलेले ताटांसाठीं असत.

या ताटाच्या प्रथेस गोव्यांत ‘कोंसुआद’ म्हणतात व मंगळूरकडे ‘कुस्वार’. दोन्ही शब्द पोर्तुगीज ‘कोंसोआदा’ या शब्दापासून आले. त्या मूळ शब्दाचे अर्थ दोन आहेत: एक, नाताळाच्या रात्रीचें घरचें जेवण, दुसरा, नाताळास दुसऱ्यास दिलेली भेट. पोर्तुगालमध्यें पहिला अर्थ प्रमुख राहिला. आपल्या किनाऱ्यावर दुसऱ्यानें मूळ धरलें. आपण घरीं काय खाल्लें यापेक्षां आपण कोणास काय पाठविलें, यावर येथें नाताळ ठरूं लागला. आपल्या पूर्वजांनीं हा अर्थ निवडला, ही माझ्या मतें आपल्या इतिहासांतील एक मोठी घटना आहे, जरी तिची तारीख कोणास सांगतां येणार नाहीं.

२५ तारखेस सकाळीं आम्ही मुलें ताटें पोंचवीत असूं. त्याचेहि नियम होते. ताट दोन्ही हातांनीं धरावें. वाटेंत रुमाल उचलूं नये. उंबऱ्याबाहेरून न देतां आंत जाऊन द्यावें. आणि “आजीनें नाताळ पाठविला आहे” एवढेंच म्हणावें. क्रमहि ठरलेला असे. पहिलें ताट वाडीच्या टोंकास एकट्या राहणाऱ्या म्हातारीस, दुसरें आजाऱ्याच्या घरीं, तिसरें ताडी काढणाऱ्यास, नंतर हिंदु शेजाऱ्यांस. नातेवाइकांचा नंबर सर्वांत शेवटीं. आईनें एकदां याविषयीं विचारलें तेव्हां आजी म्हणाली, “नातेवाईक रुसले तर समजूत काढतां येते. एकट्या माणसास रुसावयासहि कोणी नसतें.” रिकामें ताट परत येत नसे. त्यांत दोन केळीं, चार विड्याचीं पानें, नाहीं तर निदान चिमूटभर साखर असेच. दिवाळीस हाच प्रवास उलट दिशेनें होई, आणि चकल्या-अनरशांचें ताट शेजारच्या काकू स्वतः घेऊन येत.

एका वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत माझे आजोबा वारले. ज्या घरीं दुःख असेल त्या घरीं त्या सालीं कढई चढत नसे. वैशाखांत भरलेल्या बाटल्या तशाच राहिल्या, साखरेची बरणीहि तशीच राहिली. आम्हीं गोठा तेवढा मांडला. मध्यरात्रीच्या मिस्सेहून कंदिलाच्या उजेडांत परत आलों, तों आमच्या ओट्यावर झांकलेलीं ताटें ठेविलेलीं. मीं तीं मोजलीं, अकरा होतीं. त्यांत दोन आमच्या हिंदु शेजाऱ्यांचीं. त्यांची दिवाळी केव्हांच होऊन गेली होती. तरी आमच्या घरीं नेवऱ्या होणार नाहींत म्हणून त्यांनीं त्या दिवशीं पुन्हां करंज्या तळल्या होत्या. एक ताट वाडीच्या टोंकाच्या त्या म्हातारीचें होतें. तिच्याजवळ तळावयास तेल नव्हतें. तिनें चार सुकेळीं ठेविलीं होतीं.

आजी बराच वेळ कांहींच बोलली नाहीं. मग तिनें तीं सुकेळीं उचललीं, त्यांचे तुकडे केले, आणि प्रसादाप्रमाणें आम्हां प्रत्येकाच्या हातावर एक एक ठेवला. त्या रात्रीं आमच्या घरीं नाताळ झाला, आणि तो आमच्या चुलीवर झाला नाहीं. पुढें सेमिनरींत संत थॉमस अक्वायनस यांचें प्रीति या सद्गुणावरील विवेचन मीं अभ्यासिलें. तें मला अवघड वाटलें नाहीं, कारण त्याचें उदाहरण मला आधींच ठाऊक होतें. नाताळाची साखर कोणाची, याचें उत्तरहि मला त्या रात्रीं मिळालें.

आतां सांप्रतच्या स्थितीकडे वळूं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें ताडीचा पूर्वींचा मोकळा व्यवहार संपला. फुग्यांचें पीठ बहुतेक घरीं आतां यीस्टनें फुगतें. भातशेतांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. २००९ सालीं महानगरपालिका झाली, आणि वाडी ही पत्त्यांतील एक ओळ होऊन बसली. पहांटे निघून लोकलनें मुंबईस जाणारी आणि रात्रीं परत येणारी सून दोदोल केव्हां आटविणार? तिनें मिठाईचा डबा विकत आणला तर तें पाप नव्हे, आणि तिला दोष देणारा मनुष्य स्वतः परातीपुढें बसत नसेल तर त्यास बोलण्याचा अधिकारहि नाहीं. माझी चिंता निराळी आहे. डबा विकत मिळतो. तो दोन्ही हातांनीं धरून, वाटेंत न उघडतां, एकट्या माणसाच्या घरांत नेऊन देणारें मूल विकत मिळत नाहीं. पदार्थ बदलले तरी दप्तर चालूं राहील. पाठविणें थांबलें तर मात्र तें कायमचें मिटलें असें समजावें.

म्हणून आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवाच्या निमित्तानें मी प्रत्येक घरास तीन गोष्टींची नम्र विनंती करतों. पहिली: घरांतील वडीलधाऱ्या बाईजवळ बसून एका तरी पदार्थाची कृति लिहून घ्यावी. ती “अंदाजानें” म्हणेल. तिचा अंदाज वाटीनें मोजून घ्यावा, आणि वर तिचें नांव लिहावें. त्या वह्या आम्ही बाप्तिस्म्याच्या पुस्तकांशेजारीं ठेवूं. त्यांची योग्य जागा तीच आहे. दुसरी: वर्षांतून एक रात्र, एक परात आणि एक कोरी फणी मुलांसाठीं राखून ठेवावी, बापानें मांडी घालून बसावें, आणि त्याचे कुलकुल ओबडधोबड झाले तरी चालतील. तिसरी आणि मुख्य: यंदाचें पहिलें ताट, मग तें घरचें असो वा विकतचें, आपल्या नात्याबाहेर जावें. तें एकट्या माणसाकडे जावें, यंदा ज्या घरीं दुःख झालें त्या घरीं जावें, जिन्यावर भेट होते पण ज्याचें नांव ठाऊक नाहीं अशा नव्या शेजाऱ्याकडे जावें. तो कोणत्या धर्माचा, कोणत्या प्रांताचा, हें रुमालाखालच्या नेवरीस विचारावें लागत नाहीं. ती स्वतःच दोन घरची आहे.

बेथलेहेम या हिब्रू नांवाचा अर्थ ‘भाकरीचें घर’ असा आहे. त्या भाकरीच्या घरीं आपला प्रभु जन्मला, आणि गुरांस चारा घालण्याच्या गव्हाणींत निजला. परंतु तो तेथेंच राहिला नाहीं; भाकरीच्या रूपानें प्रत्येक मिस्सेंत तो स्वतःस वांटून देतो. त्याच्या जन्माचा सण करणाऱ्यांचें घरहि भाकरीचेंच घर असावें, आणि त्या घरांतून निघालेलें ताट रिकामें परत येऊं नये. आपल्या ज्या नांव न राहिलेल्या आज्यांनीं ही रीति आपल्या हातीं दिली, त्यांच्या आत्म्यांस परमेश्वर चिरशांति देवो, आणि आपल्या हातून ती पुढच्या हातीं सुखरूप जावो.